शुक्रवारची पानं

काष्टीचा बाजार शनिवारचा. श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर आहे, आणि जनावरांच्या बाजारामुळे त्याचं नाव पार बीड-सोलापूरकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. आदल्या रात्रीपासून टेम्पो लागतात. बैलाचं तोंड उघडून दात पाहायचे, आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेला, ते ठरवायचं आणि मग टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचा. ज्याला हे कळतं त्याला बाजार कळला.

या बाजाराच्या कडेला एक पाल लागायचं. त्यात जनावर एकही नसे. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा आणि रंगीत लोकरीचे गोंडे. पालावर मुलगा बसे. माल घरी तयार होई, आणि तो करायच्या दोघी: सून आणि तिची सासू, जिला ती त्या भागाच्या रीतीनं आत्या म्हणे. ट्रॅक्टर आले तसा हा धंदा बसत चालला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि गोंड्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. शेतात राबणाऱ्या बैलाला गोंडा पोळ्यापुरता लागतो. शर्यतीच्या बैलाचे लाड वर्षभर चालतात.

सून बारावीपर्यंत शिकलेली होती आणि तिला वाचायचा नाद होता. सुहास शिरवळकर, बाबा कदम, कुणाकडून तरी आलेले दिवाळी अंक. कादंबरी हातात आली की दोन रात्रीत फडशा. त्यावर कुणाशी बोलायचं असतं, मत वगैरे द्यायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. वाचलं, बरं वाटलं, परत केलं.

एका शनिवारी तिच्या शाळेतल्या मराठीच्या बाई बाजारात भाजी घ्यायला आल्या. बाई आता निवृत्त होऊन श्रीगोंद्यात राहत होत्या. जुनी विद्यार्थिनी अजून वाचते हे ऐकून त्या इतक्या हरखल्या की पुढच्या खेपेला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊनच आल्या. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’

“मराठी कादंबरी म्हणजे काय ते कळायचं असेल तर आधी हे वाच,” बाई म्हणाल्या. “संतकवी शेख महंमदांच्या तालुक्यातली आहेस तू. तुला जड नाही जायचं.”

जड गेलं. पुस्तक घरी आलं त्या दिवशी तिला मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं होतं. तिनं ते देवळीत, गणपतीच्या शेजारी ठेवलं. रात्री कामं आटोपून उघडलं, तर वाक्य सुरू झालेलं दिसे आणि त्याचा शेवट पुढच्या ओळीत, त्याच्याही पुढच्या ओळीत. गोष्ट सांगणारी यमू गोष्ट सोडून मधेच वाचणाऱ्याशी बोलायला लागे. वाडा, सोवळं-ओवळं, माजघर, मामंजी, वन्सं. सगळं पुण्याच्या ब्राह्मणी घरातलं, तेही सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. सुनेला आधी झोप आली. मग लाज वाटली. मग राग आला. आपलीच अक्कल कमी पडतेय, असं एका रात्री वाटे. दुसऱ्या रात्री वाटे, या पुस्तकाला थोर म्हणणाऱ्यांनी तरी ते शेवटपर्यंत वाचलंय का? आणि तिसऱ्याच रात्री, कुठल्या तरी वाड्यातल्या बायकांचं रडगाणं आपण काष्टीत बसून का ऐकावं, आपल्याला आपली थोडी आहेत का?

तिच्या या तिसऱ्या प्रश्नात मला तरी काही वावगं दिसत नाही. थोर पुस्तकाला असा प्रश्न विचारायला आपण फार घाबरतो.

बाई भेटल्या की मात्र ती म्हणे, “वाचतेय बाई. छान आहे.”

पुस्तकाला हात लागेनासा झाला. उदबत्तीची राख पडून खाकी कव्हर पांढुरकं दिसू लागलं. शेवटी तोंड फुटलं ते आत्याला.

“काय गं, रोज राती पुस्तक उघडायचीस आन् घडीभरात घोरायचीस. झोपंचं औषिद व्हतं का त्ये?”

“जुनी गोष्ट आहे आत्या. पुण्यातल्या एका बाईची. लई अवघड लिहिलंय.”

“बाईची गोष्ट आन् अवघड? वाच बघू मोठ्यानं. मपले हात गुतलेत, कान मोकळेच हायेत.”

तो शुक्रवार होता. शनिवारचा माल पुरा करायचा म्हणून शुक्रवारी दोघी उशिरापर्यंत बसत. त्या रात्री सुनेनं लोकर बाजूला ठेवली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. पानभर वाचल्यावर तिच्या ध्यानात आलं, की डोळ्यांनी जे वाक्य संपता संपत नव्हतं ते तोंडानं म्हटलं की बरोबर जागच्या जागी थांबतंय. यमू लिहीत नव्हतीच मुळी. ती बोलत होती. दुपारी ओट्यावर बसून एखादी बाई आपली कर्मकथा सांगते, मधेच म्हणते, बरं का, ते राहिलंच, तशी. हे बोलणं मुक्यानं वाचायला गेलं की घशात अडकतं.

आत्याला यात नवल वाटलं नाही. तिला अक्षरओळख नव्हती, पण श्रावणात गल्लीत पोथी लागे तेव्हा ती एक दिवस चुकवत नसे. पांडवप्रताप झाला, नवनाथ भक्तिसार झाला. पोथी ऐकणाऱ्याला कितवं पान आलं असं कुणी विचारत नाही. डुलकी लागली तर लागली. जाग येते तेव्हा भीम कुठल्या तरी राक्षसाला बडवतच असतो. या जिल्ह्याची ऐकायची सवय तशी फार जुनी. नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली ती समोर ऐकणारे बसले होते म्हणून, आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली.

त्यानंतर बरोबर सहाशे वर्षांनी, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं. नावातच करमणूक. ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात हप्त्याहप्त्यानं छापून आली. पुस्तक मागाहून झालं. हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, आपल्या गोष्टीतल्या सुनेहूनही लहान. आज ज्या जाडीला पाहून माणूस दचकतो ती जाडी त्यांच्या पहिल्या वाचकानं पाहिलीच नव्हती. त्याच्या हाती आठवड्याला थोडी पानं पडत, ती घरात कुणीतरी वाचून दाखवी, आणि पुढचा अंक येईपर्यंत भांडायला सबंध आठवडा मोकळा असे.

काष्टीतही तेच सुरू झालं, फक्त वार बाजारानं ठरवला. इतर दिवशी पान-दोन पानं, शुक्रवारी मात्र गोंडे संपेपर्यंत. आत्याचं ऐकणं गरीब नव्हतं. तिला यमूचा राग यायचा. “इतकं समजतंय तर बोल की तोंडानं! समदं मनातल्या मनात!” दुर्गी तिला पहिल्यापासून आवडली. यमूची मैत्रीण दुर्गी, जिच्या कपाळी उनाड नवरा आला. दुर्गीचं नाव निघालं की आत्या गोंडा खाली ठेवायची. यमूचा नवरा रघुनाथराव बायकोला लिहाय-वाचायला शिकवतो, तिला मुंबईला नेतो, माणसासारखं वागवतो, हे ऐकून सून हरखली. आत्या म्हणाली, “लई ग्वाड हाय. टिकायचा न्हाय.”

“असं का म्हणता आत्या?”

“गोष्टीत चांगला दादला म्हातारा झालेला ऐकलाय कधी?”

मुंबईतल्या सुधारकांच्या चर्चा आल्या तेव्हा दोघींना कंटाळा आला. खरं सांगायचं तर तिथे बऱ्याच जणांना येतो. आत्यानं हुकूम सोडला, “ही भाषणं गाळ.” सुनेनं आनंदानं गाळली. गाळायची परवानगी मिळाली म्हटल्यावर एका शुक्रवारी तिनं स्वतःच्या मतानं आणखी काही पानं उलटली, झोप येत होती म्हणून. थोडं पुढे गेल्यावर आत्यानं विचारलं, “दुर्गीचं काय झालं? मधलं कुठं खाल्लंस?” मुकाट्यानं मागं यावं लागलं. भाषणं गेलेली आत्याला चाललं. माणूस गेलेलं चाललं नाही. मराठीच्या प्राध्यापकांनी या निवाड्याशी वाद घालावा, घालण्यासारखा आहे.

रघुनाथराव गेला. आत्याचं भाकीत खरं ठरलं, तरी ती दोन दिवस सुनेवरच रुसली होती. आणि मग ते प्रकरण आलं. धर्माचा डांगोरा पिटणारे शंकरमामंजी, आणि यमूचे केस. नको नको म्हणत असताना तिचं केशवपन होतं. सुनेचा आवाज अडखळायला लागला, तशी आत्या म्हणाली, “आमच्यात केस न्हाय काढत.” त्यात थोडी ऐट होती. आपली जात, आपली रीत, आपण बरे, अशी. सुनेलाही ते ऐकून हलकं वाटलं. पुस्तक पुन्हा त्यांचं झालं; आपल्याला ऐकायला मोकळीक.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आत्या आपणहून बोलायला लागली. “माझ्या बांगड्या थोरल्या जावंनं फोडल्या. मढ्यापाशी. दगडानं. एक काच हितं गेली.” तिनं पिठाचा हात पुढे करून मनगट दाखवलं. “तिच्यावर काय राग धरायचा? तिच्या बी कुणीतरी फोडल्याच व्हत्या की.” मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “त्या यमूचं ऱ्हाऊ दे आता. पुढचं मला नगं.”

उरलेली पानं सुनेनं एकटीनं, मनात वाचली. आता अडत नव्हतं, आवाज कानात बसला होता.

पुढच्या शनिवारी बाई पालावर आल्या. सून पुस्तक परत द्यायला घेऊन आली होती, आणि ‘छान आहे’ हे तिच्या तोंडून काही केल्या निघेना.

“बाई, खरं सांगू का? निम्मी कंटाळवाणी आहे. मधे मधे तर ढकलत नेली. आवडली का म्हणाल तर तेही नक्की सांगता येत नाही. पण आत्यांशी इतकं कधी बोलले नव्हते मी लग्न झाल्यापासून.”

बाई हसल्या. “मी एम.ए.ला हिच्यावरचं उत्तर गाइडमधून पाठ करून लिहिलं होतं. चांगले मार्क पडले. वाचली ती नोकरी लागल्यावर, आणि मलाही तो मुंबईचा भाग फार झाला होता. तुला देताना हे सांगायला हवं होतं.”

मग आत्याही येऊन बसली आणि तिघींचं बोलणं लांबलं. बाईंनी सांगितलं, ‘करमणूक’ निघालं त्याच १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिक जमले आणि विधवांचे केस आपण उतरवणार नाही असं त्यांनी ठरवलं. आत्यानं मान डोलावली. “वस्तरा त्यांच्याच हातात. त्यांनीच खाली ठिवला म्हंजी झालंच की.” बाईंनी अलीकडचंही सांगितलं: मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही; आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं.

“कागूद निघाला व्हय?” आत्या म्हणाली. “मंग आमच्या गल्लीत कसा न्हाय आला?”

ऊसतोडीच्या दिवसांत गल्लीतला एक तरुण गेला. रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. मागे लाल दिवा नव्हता, परावर्तकही नव्हता. दरवर्षी त्या भागात असं कुणी ना कुणी जातं आणि दरवर्षी त्यावर चर्चा होते. घरात बायको, एक लहान पोर.

मयत दारात आणलं. बायका जमल्या. भावकीतल्या थोरल्या काकू, ज्यांच्याशिवाय गल्लीतलं बारसं होत नाही की दहावं होत नाही, त्या पोरीचा हात धरायला वाकल्या. आत्या आधीच पोरीला खेटून बसली होती. तिनं पोरीची दोन्ही मनगटं आपल्या ओट्यात ओढून घेतली.

“हात लावू नगा काकू.”

“आगं, रीत हाय ती. आपल्या हातात काय हाय?”

“तुमच्या हातात दगूड हाय. तुमी काय शंकरमामंजी हाय का?”

“कोन मामंजी?”

कुणाला काही कळेना. घरात त्या नावाचं कुणी नव्हतं, पाहुण्यांतही नव्हतं. सून मागच्या रांगेत उभी होती. तिला एकटीला कळलं, आणि तसल्या वेळी तिला हसू फुटलं की रडू, ते तिला आजही सांगता येत नाही. बाहेरून पुरुषांनी घाई सुरू केली. काकू चिडून बाजूला झाल्या. कुणीतरी मागून हात घालून पोरीचं कुंकू पुसलंच, ते आत्याला अडवता आलं नाही. बांगड्या तेवढ्या राहिल्या.

काकूंनी अबोला धरला. तरी दुखवट्याला त्या रोज येत, कारण न येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोपऱ्यात बसत, आत्याकडे पाहत नसत. दहाव्याच्या आदल्या दुपारी चहा फिरला, पुरुष बाहेर पडले, आणि काकूंना राहवलं नाही. त्यांनी आत्याला नाही विचारलं, सुनेला विचारलं.

“काय गं, त्यो मामंजी कोन? तुज्या सासूनं समद्या भावकीत मला त्येच्या वळीला बसावलं. मला कळू तरी दे.”

पुस्तक बाईंकडे परत गेलं होतं. सुनेनं तोंडानं सांगायला सुरुवात केली. यमू, तिचा दादा, दुर्गी. कुठे नाव विसरली, कुठे आधीचं मागाहून सांगितलं. मुंबईची भाषणं तिनं गाळलीच. एक दुपार पुरली नाही, म्हणून दहावं झाल्यावरही बायका बसल्या. त्या तरण्या पोरीनं भिंतीला टेकून सगळं ऐकलं आणि एकदाच विचारलं, “तिचं वय काय होतं?” कुणी म्हणालं, यमूनं माहेरी निघून जायचं. कुणी म्हणालं, माहेरचे तरी काय ठेवून घेणार होते? काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. केसांचं प्रकरण आलं तशा त्या एकदम तापल्या.

“ह्यो मामंजी मेला वाईट, त्ये कळलं. पर त्यो न्हावी? त्येला कुनी बांधून आनला व्हता का? त्यानं वस्तरा खाली ठिवायचा की! म्हनायचं, मी न्हाय करनार, तुमचं तुमी बघा.”

“त्येच म्हनत व्हते की मी,” आत्या म्हणाली, “त्या दिशी.”